मिलमधून काढलेली माणसं

हिंगणघाटच्या एका कापड मिलच्या पर्सोनेल ऑफिसात मी सतरा वर्षं काढली. करार मोडून गेलेल्या माणसांवर केस टाकायची आणि काढून टाकलेल्यांनी टाकलेल्या केसला उत्तर द्यायचं, हे माझं काम. आमचे वकील देवतळे साहेब वर्ध्याचे. पुकारा होईपर्यंत आम्ही दोघं कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचो, आणि अशा बसण्यात किस्से साचत जातात. त्यातले हसण्यासारखे होते ते केव्हाच सांगून झाले. हे मात्र मी घरीही बोललो नव्हतो.

*

खुशाल मास्तर आमच्या रंगखात्याचे. पाच वर्षं मिल सोडायची नाही असा त्यांचा करार होता, पण ते तिसऱ्याच वर्षी दुसऱ्या मिलमध्ये गेले. गेले त्या दिवसापासून आमचा काळा रंग हिरवट यायला लागला. पावडर तीच, नदीचं पाणी तेच.

आम्ही कोर्टातून मनाई आणली. मास्तर नाचणगावला घरी बसले. त्याच आठवड्यात आमचा काळा पुन्हा काळाभोर आला. तिकडच्या मिलचा हिरवट पडला, असं कानावर आलं.

पुढच्या तारखेला मी विचारलं, "मास्तर, काय केलं तुम्ही?"

"मी काय करतो बाप्पा? घरी बसून राह्यलो. तुमीच म्हणे ना, बसा म्हणून."

*

ढोबळे टाइमकीपर नोकरी सोडताना जुने मस्टर घरी घेऊन गेले, असा आमचा दावा होता. समन्स द्यायला बेलीफबरोबर मी अल्लीपूरला गेलो. आम्ही येणार हे कोणालाच माहीत नव्हतं. ढोबळ्यांनी दार उघडलं तेव्हा ओट्यावर तीन कप चहा ओतलेला होता.

चहा झाल्यावर त्यांनी टाइप केलेलं उत्तर माझ्या हातात दिलं. "वकील साहेबाले देजो."

देवतळे साहेबांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. आमच्या दाव्यात मुद्दे पाच होते. ढोबळ्यांनी सहाला उत्तर दिलं होतं.

"हा सहावा मी टाकणार होतो," साहेब म्हणाले. "मंग नाई टाकला. कोणाले सांगितलाबी नाई."

*

वामन फिटरला काढलं, त्याची केस चार वर्षं चालली. तारीख असायची वर्ध्याला. त्या दिवशी हिंगणघाटला त्याचा चौदा नंबरचा माग बंद पडायचा. तारीख पुढे ढकलली, की मागही त्या पुढच्या तारखेलाच बंद.

*

नवीन ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं आणि टेलिफोन ऑपरेटर सुमनताईंचा करार वाढवला नाही. त्यांनी केस टाकली. एका तारखेला आमचा साक्षीदार येईना, म्हणून देवतळे साहेब समोरच्या एसटीडी बूथवर जाऊन मिलला फोन लावून आले.

"निघाले म्हणे दहाच्या गाडीनं. बाई म्हणाली, हातात निळी फाईल हाये."

"कोणती बाई? आता तिथे ऑपरेटर नाहीच."

साहेब समोरच्या बाकाकडे बघायला लागले. तिथे सुमनताई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. सकाळपासून त्या जागच्या हलल्या नव्हत्या.

अर्ध्या तासानं साक्षीदार आला. हातात निळी फाईल होती.

सुमनताईंनी पदरातली टरफलं झटकली आणि साहेबांना विचारलं, "लागला काय फोन?"

*

किसनाजी चौकीदाराची केस आम्ही हरलो, आणि ते कामावर परत आले.

करार संपला म्हणून त्यांना काढलं होतं. पण ते रोज सकाळी खाकी कपडे घालून यायचे आणि गेटसमोर रस्त्यापलीकडे उभे राहायचे. ड्यूटी संपायच्या वेळेला घरी जायचे. अशी दोन वर्षं गेली. मला त्यांच्याकडे बघवत नसे. मी सायकल मागच्या गेटनं न्यायला लागलो.

ते कामावर नव्हते हे दाखवायला मी त्या दोन वर्षांचं गेट रजिस्टर कोर्टात नेलं. त्यातल्या प्रत्येक पानाखाली माझी सही होती. नोंदी नवीन चौकीदाराच्या होत्या. त्या मी स्वतः दर शनिवारी तपासलेल्या.

न्यायाधीशांनी रजिस्टर उघडलं. किसनाजींनी हातानं लिहिलेला अर्ज काढून शेजारी ठेवला. मग त्यांनाच पुढे बोलावलं.

"हे अक्षर कोणाचं?"

किसनाजींनी वाकून पाहिलं. तीनचार पानं उलटली.

"माह्यंच हाये, साहेब. पण मी तं गेटच्या आत पाय ठेवला नाई."

मी पुढे होऊन बघितलं. अक्षर त्यांचंच होतं, आणि खाली माझी सही.

न्यायाधीशांनी शेवटचं पान काढलं आणि बराच वेळ वाचत राहिले. मग मला म्हणाले, "तुम्ही आज मिलमधून किती वाजता निघालात?"

"साडेनऊला."

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. शेवटच्या ओळीत आजची तारीख होती. पुढे किसनाजींच्या अक्षरात लिहिलं होतं: साडेनऊ. पर्सोनेलचे बाबू हे रजिस्टर घेऊन वर्ध्याले गेले.