पडदेवालीची धून

आई गेली आणि घरात हाक मारायलाही कुणी उरलं नाही, तेव्हा पडदेवालीने माळ्यावरची गिटार खाली काढली. गिटार धाकट्या भावाची. नोकरीसाठी दूरदेशी जाताना तो ती ठेवून गेला होता, सोबत जुना टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट. कॅसेटवर गाणं-बिणं नव्हतं. ब्लूज-रॉक या विलायती संगीताच्या नादात असताना भावाने स्वतः बसवलेली गिटारची छोटीशी धून, तीच ती परत परत वाजवलेली, आणि शेवटी त्याचा जड आवाज: ‘‘ताई, जमलं का गं?’’

पडद्यांच्या दुकानात शिवणयंत्रावर तिचा जन्म गेला होता. गिटारचं खूळ कळल्यावर मालक म्हणाले, ‘‘आजवर लोकांच्या खिडक्या झाकल्यात, आता कान झाकायला लावणार वाटतं!’’ तीही हसली. घरी आली की मात्र पहिलं बटण टेपचं दाबायची.

पी हळद अन् हो गोरी, असं थोडंच असतं! सुईने निबर झालेली बोटं तारांपुढे कोवळीच ठरली. तारा टेपच्या सुराला लावायच्या एवढंच तिला ठाऊक. दरवर्षी त्या थोड्या आणखी सैल कराव्या लागत. गिटार म्हातारी झाली, ती म्हणायची, आपल्यासारखीच. धून खालच्या सुरात रेंगाळायची, मध्येच तार ओढून एक सूर वर चढायचा आणि तिथे थरथरायचा. त्या थरथरीवर तिने सगळ्यात जास्त जीव टाकला. परक्या गावात एकटा पडणार म्हणून बिचाऱ्याचा हात कापत असेल, असं तिला वाटे आणि डोळे भरून येत. फोनवर भावाचा आवाज पातळ यायचा, पण तो दोष ती फोनला देई.

आणि एका दुपारी भाऊ आला. चार तासांपुरता, कंपनीच्या कामातून वाट वाकडी करून. चहा पुढे ठेवून तिने गिटार घेतली. हे ऐकून तो एकदा तरी ‘ताई’ म्हणून जवळ बसेल, एवढंच तिला हवं होतं. तिने धून वाजवली, एकही सूर न चुकता.

‘‘छान गं. पण किती रडकं! कुणाचं आहे?’’

‘‘तुझंच.’’

‘‘माझं? काहीतरीच! माझी धून कशी पळायची!’’ त्याने गिटार हातात घेतली. ‘‘अगं, तारा की लोंबत्या सुतळ्या?’’ मग टेप लावून थोडा वेळ ऐकलं आणि खो खो हसत सुटला. ‘‘कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा सैल झालाय गं याचा! सगळं संथ आणि खालच्या सुरात वाजतंय. ही थरथरसुद्धा पट्ट्याचीच.’’

यंत्रांचाच माणूस तो. बोलता बोलता त्याने खिशातल्या चाकूने स्क्रू काढून मागचं झाकण उघडलंसुद्धा. ‘‘कोपऱ्यावरच्या दुकानात पट्टा मिळेल. दहा मिनिटांचं काम. मग बघ, माझा खरा आवाज ऐकशील.’’

पडदेवालीने टेपरेकॉर्डर स्वतःकडे ओढून घेतला.

‘‘हात लावू नकोस.’’

‘‘अगं, पण हा मी नाहीच आहे!’’

‘‘माहीत आहे आता. पण खऱ्याला घेऊन काय करू रे मी? खरा वर्षातून एकदा फोन करतो. हा रोज विचारतो, ताई, जमलं का.’’

चहावर साय धरली. मग भावाने झाकण जागेवर ठेवलं आणि एकेक स्क्रू परत बसवला.