सतरा नंबरची केबल

कॉलेजातल्या पोरांनी त्यांचं नाव 'रिस्टार्टकाका' ठेवलं होतं, आणि ते काही उगाच नव्हतं. लॅबमधला कुठलाही संगणक अडला, की काकांचं पहिलं औषध ठरलेलं: बंद करा, चालू करा. दहांतली सात दुखणी तेवढ्यावर पळायची. उरलेल्या तिन्हींसाठी काकांकडे त्यांची मुलगी होती.

मुलगी दूरच्या शहरात एका कंपनीचं नेटवर्क सांभाळायची. दोन वर्षांत तिचं घरी येणं झालं नव्हतं. दर रविवारी फोन यायचा, तोही आईच्या मोबाईलवर. मायलेकी तासभर बोलायच्या, शेजारणीच्या मांजरापासून गुडघेदुखीपर्यंत. मग कधीतरी "बाबांना दे" व्हायचं.

"जेवलात?"

"जेवलो."

"गोळी घेतली?"

"घेतली."

"बरं मग."

की फोन परत आईकडे. काकांनी आठवडाभर मनात काय काय जुळवून ठेवलेलं असायचं, पण फोन कानाला लागला की दातखीळ बसायची. "अहो, बोला की दोन शब्द," बायको डोळे वटारायची. बोलतात कप्पाळ! मुलीशी काय बोलायचं हे ज्या बापांना कळत नाही, त्यांची मोठी संघटना निघेल आणि काका बिनविरोध अध्यक्ष होतील.

बिघाडाची गोष्ट मात्र वेगळी. लॅबमध्ये काही अडलं की काका स्वतः तिला फोन लावायचे. "स्क्रीनवर काय लिहिलंय? अक्षर न् अक्षर वाचा," ती म्हणायची, आणि मग अर्धा-पाऊण तास कुठे जायचा कळायचं नाही. ती चिडायची, हसायची, मध्येच तिकडे कपात चमचा फिरल्याचा आवाज यायचा. काकांना तो चमचासुद्धा हवाहवासा वाटायचा. लॅब सुरळीत चालली की कॉलेज खूश असायचं आणि काका आतून झुरायचे.

काका मूळचे टायपिंगचे मास्तर. क्लास बंद पडला आणि कॉलेजने त्यांना लॅबमध्ये बसवलं, तेव्हा त्यांना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. मुलगी शाळा सुटली की इथेच यायची. पुस्तकं वाचून, टेबलांखाली लोळून तिने सगळं शिकून घेतलं आणि बापालाही शिकवलं. सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना माल पुरवणारं कोपऱ्यातलं मोठं यंत्र, बंद करून चालू व्हायला चार मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात बापलेक डबा उघडून खायचे. एकदा काकांनी भलतीच केबल उपसली आणि अख्खी लॅब आंधळी झाली. त्या दिवशी चौदा वर्षांच्या पोरीने प्रत्येक केबलला नंबराची चिठ्ठी लावली. सतरा नंबरच्या केबलवर तिने शिवाय लिहिलं: 'बाबा, ही काढू नका.'

दर परीक्षेआधी लॅबचे चाळीसही संगणक पुसून कोरे करायचे आणि एका नमुना संगणकाची हुबेहूब प्रत सर्व्हरवरून एकदम सगळ्यांना पाठवायची, ही तिथली रीत. त्या शनिवारी सकाळी काकांनी प्रत सोडली. चाळीस पडद्यांवर चाळीस हिरव्या पट्ट्या सरकू लागल्या आणि थोडं पुढे जाऊन सगळ्या एकाच जागी थांबल्या. सोमवारी परीक्षा. काकांनी सर्व्हर बंद-चालू केला. परत तेच.

मग त्यांनी मुलीच्या शिकवणीप्रमाणे वाटे घातले. दहा-दहाच्या टोळीला दोन-दोन मिनिटं प्रत पाठवून पाहिली. पहिली दहा धावली, तिसरी, चौथीही धावली. अकरा ते वीस अडली. त्यातला एकेक संगणक वगळत ते सतरावर आले. सतरा बाजूला ठेवला की बाकीचे सुटत होते. एकदम पाठवायचं म्हणजे सगळ्यांनी मिळून चालायचं. एक मागे राहिला की सर्व्हर त्याच्यासाठी थांबतो, आणि बाकीचे एकोणचाळीसही ताटकळतात. सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात, त्या स्विचच्या पेटीपाशी काका गेले. सतराचा दिवा हिरवा असायला हवा होता, तो पिवळा होऊन लुकलुकत होता. केबलच्या टोकाची चिमटी केव्हाच तुटलेली, वायर मानेशी पिचलेली. चिठ्ठीवरची शाई फिकट झाली होती, तरी वाचता येत होती.

कपाटात नव्या केबलींचा गठ्ठा होता. पाच मिनिटांचं काम. काका गठ्ठा हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी तो जागच्या जागी ठेवला आणि फोन लावला.

"अगं, सगळे अडलेत. चाळीसच्या चाळीस," ते म्हणाले. खोटं काहीच नव्हतं, फक्त खरं थोडं शिळं होतं.

"थांबा, लॅपटॉप बाजूला ठेवते," ती म्हणाली. काकांचा जीव भांड्यात पडला.

तिने विचारलं, काकांनी सांगितलं. सर्व्हरवर जागा आहे का? आहे. प्रत तपासली? तपासली. सकाळी केलेल्या सगळ्या तपासण्या काका आठवून आठवून, जणू आत्ताच करतोय अशा थाटात सांगत होते. लबाडीची सवय नव्हती. तिच्या खिडकीखालून कुठलीतरी गाडी गेली, तेही त्यांनी कान देऊन ऐकलं.

"सर्व्हर एकदा बंद करून चालू करा," ती म्हणाली.

काका खुर्चीतून हलले नाहीत. मनात वीस आकडे मोजले. "केला. परत तेच."



"बाबा," ती म्हणाली, "त्याला चार मिनिटं लागतात."

काकांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"कधी सापडला बिघाड?"

"सकाळीच. अकराला." मग ते भडाभडा बोलून गेले, "सतराची केबल आहे. तुझी चिठ्ठी असलेली. चिमटी तुटलीय. तू 'काढू नका' लिहिलंस, म्हणून इतकी वर्षं... आणि ती बदलली की काम संपतं गं. मग तुला फोन कशासाठी करू?"

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"नवी केबल लावली तर सगळं किती वेळात होईल?" तिने विचारलं.

"तासाभरात."

"परीक्षा सोमवारी ना? आज तर शनिवारच आहे. जुनीच राहू द्या. सोडा प्रत चाळीसांना."

काकांनी प्रत सोडली. पट्ट्या सरकल्या, आणि थांबल्या.

"थांबले?"

"थांबले सगळे."

"थांबू देत," ती म्हणाली. "जेवलात?"

'जेवलो' काकांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"नाही," ते म्हणाले. "तू गेल्यापासून इथे डबा उघडवत नाही मला. बाहेर बाकावर बसून खातो. आईला सांगू नकोस."

"मग आज आत उघडा," ती म्हणाली. "मीही माझं ताट घेऊन येते."

काकांनी फोन टेबलावर उभा करून ठेवला आणि डब्याचं झाकण काढलं. ती येईपर्यंत त्यांनी घास उचलला नाही.