डिमीटरची लेक आणि पंडितचा रोट

जळगावात मला ग्रीक देवांचा जाणकार म्हणून ओळखणारी एकूण दोन माणसं होती. एक मी आणि दुसरी माझी घरमालकीण धुरपदाबाई. मी एका हायस्कुलात इतिहास शिकवायचो. रद्दीच्या दुकानात मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं होतं, त्याची पहिली अकरा पानं उंदरांनी खाल्ली होती. माझं सगळं ज्ञान बाराव्या पानापासून पुढचं. तरी देवांचा राजा झ्यूस याच्याबद्दल मी असा बोलायचो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा मेहरूण तलावावर माझ्याबरोबर रोज फिरायला येतो.

धुरपदाबाई मूळच्या धुळ्याकडच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मेहरूणमधल्या तीन खोल्यांपैकी एक त्यांनी मला दिली होती, जेवणही त्यांच्याकडेच. मी त्यांना अक्का म्हणायचो, त्या मला मास्तर म्हणायच्या. संध्याकाळी माझी शाळेतून परतायची वेळ नक्की नसायची, म्हणून त्या माझ्या भाकरी चुलीशेजारी टोपलीखाली झाकून ठेवत. त्यांचा एकुलता एक मुलगा पंडित. काकाशी, म्हणजे गिरधरभाऊंशी, शेतीवरून भांडून तो दोन वर्षांपूर्वी घरातून निघाला, त्यानंतर त्याची चिठ्ठी नाही की निरोप नाही. अक्का त्याच्याविषयी कधी रडल्या नाहीत. फक्त बाहेर सायकलची घंटी वाजली की त्यांचं भाकरी थापणं थांबायचं.

सदुसष्ट सालच्या श्रावणात वाचनालयाने मला व्याख्यानाला बोलावलं. विषय मीच सुचवला होता: ग्रीक देवांनी भक्तांना काय दिलं? पौर्णिमेच्या दुपारी, तीन वाजता. त्याच्या आधीचे पंधरा दिवस मी अक्कांवर तालीम केली. त्या भाजी निवडत, मी खांबाला टेकून हातवारे करी. ग्रीकांचे देव पीक देत, समुद्रात जहाज सांभाळत, लढाई जिंकून देत, पण सगळं मर्जी असली तर. मेल्यावर माणसाच्या वाट्याला नुसता अंधार. बळी दिलेल्या जनावराची हाडं आणि चरबीचा धूर देवांना, मांस मात्र माणसांना. यावर अक्का म्हणाल्या की मग तो देव भोळाच म्हणायचा. हे वाक्य मी टिपून घेतलं आणि व्याख्यानात स्वतःचं म्हणून वापरलं.

डिमीटरची गोष्ट मात्र त्यांनी भाजी बाजूला ठेवून ऐकली. ती धान्याची देवी. तिची लेक पाताळाच्या राजाने पळवली. आई रानोमाळ शोधत फिरली, पृथ्वीवर दाणा उगवेना. शेवटी देवांनी लेक परत द्यायचं ठरवलं, पण तिने पाताळातल्या घरी डाळिंबाचे दाणे खाल्ले होते. ज्या घरचं खाल्लं त्या घरची ती झाली. म्हणून वर्षातले काही महिने तिला तिथे राहावंच लागतं. अक्कांनी एवढंच विचारलं की बाकीचे महिने आईकडे येते ना. येते, मी म्हणालो आणि पुढच्या मुद्द्यावर गेलो. मला ती गोष्ट तशी किरकोळ वाटत होती.

नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई, आमच्या खानदेशातली कुळाची देवी, बसली. कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड गोडसर भाकरींसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाच्या मुठी मोजतात. ते रोट घरच्यांनीच खायचे, भाऊबंदांबाहेर कणही जाऊ द्यायचा नाही आणि पौर्णिमेपर्यंत संपवायचे. अक्कांनी पंडितच्या नावाची मूठ घेतली तेव्हा गिरधरभाऊंनी त्यांचा हात धरला. गेल्या वर्षी पंडितचा वाटा पडून राहिला होता आणि त्यातूनच घराला दोष लागला, असं त्यांचं म्हणणं. बरीच बोलाचाली झाली. शेवटी ठरलं की मूठ या वर्षी घ्यायची. पौर्णिमेच्या संध्याकाळपर्यंत पंडित आला तर ठीक, नाही तर त्याचा रोट गिरधरभाऊंनी खायचा आणि पुढच्या वर्षापासून पंडितचं नाव मोजायचं नाही. अक्का हो म्हणाल्या. रात्रभर त्यांच्या खोलीतून कूस बदलल्याचा आवाज येत होता.

पौर्णिमेला माझं व्याख्यान झालं. श्रोते अकरा, त्यांतला एक पंखा दुरुस्त करायला आलेला. माझ्या पुस्तकाच्या गेलेल्या पानांइतकेच. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की देवाच्या नावाने एकत्र खाणं हाच ग्रीकांचा खरा धर्म, आणि उदाहरण म्हणून आपल्या कानबाईच्या रोटाचा नियमही समजावून दिला. टाळ्या पंख्यावाल्याने सुरू केल्या. तो मोकळा झाला होता.

घरी आलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. अक्का देवळात गेल्या होत्या. चुलीशेजारी टोपली होती. मी ती उचलली, आणि मनातल्या मनात व्याख्यान पुन्हा देत, चटणीशी जेवायला लागलो. भाकरी आज फारच कडक झाली, गोडसरही लागते, हे लक्षात आलं, पण झ्यूसचा शेवटचा मुद्दा मी अजून चांगला मांडू शकलो असतो, या विचारात मी चावत राहिलो. शेवटचा तुकडा तोंडात गेला आणि पलीकडे फडताळाखाली दुसरी टोपली दिसली. तिच्याखाली माझ्या दोन भाकरी होत्या.

मी उठलो तोच अक्का आणि त्यांच्यामागे गिरधरभाऊ आत आले. मला पळून जावंसं वाटलं. तासाभरापूर्वी मी जो नियम भर सभेत समजावला होता, तो माझ्या मिशीला चिकटला होता. पंडितचा रोट मी खाल्ला, हे मी कसंबसं सांगितलं. गिरधरभाऊंचा चेहरा लाल झाला. परक्या माणसाने रोट बाटवला, या मास्तराला आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढा, असं ते म्हणाले आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

अक्का पुढे झाल्या, रिकामी टोपली उचलली. मग शांतपणे म्हणाल्या, "घरना माणूसनी खादा."

"हाऊ घरना कधळ व्हयना?" मी घरचा कधी झालो, ते गिरधरभाऊंनी विचारलं.

"आते व्हयना. ज्या घरनं खादं त्या घरना. देवीनी पोरनं बी तसंच व्हयनं." त्यांनी टोपली उपडी ठेवली. "तुम्ही रोट खादा नही, भाऊ. पंडितनं नाव ऱ्हायनं. पुढला साले त्यानी बी मूठ काढसू, यानी बी."

गिरधरभाऊंना कोणती देवी आणि कोणाची पोर ते कळलं नाही. मला कळलं, आणि पंधरा दिवस मी कोणाला शिकवत होतो याची लाज वाटली.

त्यानंतर पाच श्रावण माझ्या नावाची मूठ निघाली. अक्का मला तू म्हणू लागल्या. पंडित आला नाही, त्याचा रोटही दर श्रावणी पौर्णिमेला मीच संपवायचो, माझे दात त्याला साक्ष आहेत. त्र्याहत्तर साली माझी धुळ्याला बदली झाली. तिथे ग्रीक देवांवर बोलायला त्या श्रावणात दोन ठिकाणी बोलावणं आलं, म्हणून कानबाईला मी गेलो नाही. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी एसटीच्या कंडक्टरने अक्कांचा निरोप दिला: "तुना वाटा झाकी ठेयेल शे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मेहरूणला पोचलो. चुलीशेजारी दोन टोपल्या होत्या, दोन्ही नीट झाकलेल्या. आपल्या वाट्याची टोपलीही पंडितच्या टोपलीशेजारी बसलेली पाहून मला फार वाईट वाटलं. अक्कांनी रागाचा एक शब्द काढला नाही. माझी टोपली उचलून पुढ्यात ठेवली आणि मी घास घेईपर्यंत बघत बसल्या.

"तू उना ना," त्या म्हणाल्या, "तो बी यी."

मी आलो तसा पंडितही येईल, याला मी मान डोलावली. पंडितची टोपली झाकलेलीच ठेवून मी माझा रोट चावत राहिलो.