भट्टीत किती भुकटी टाकायची

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जालन्यातल्या एका लहान कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले. तिथं भंगारातलं तांबं वितळवून त्याच्या लगडी पाडत. टेंभुर्णीच्या शेतकरी घरातली मुलगी भट्टीवर काम करते याचं लोकांना नवल वाटायचं. मला वाटलं नाही. रसायनशास्त्र मला चांगलं येत होतं आणि ते येतं हे मला ठाऊक होतं.

भट्टीचं एक दुखणं होतं. तांबं वितळलं की त्यातलं लोखंड, वाळू, सगळी घाण वर तरंगते. ती स्लॅग. आतल्या विटा मॅग्नेशियाच्या, म्हणजे मोठी उष्णता सोसणाऱ्या पदार्थाच्या. स्लॅग त्यांतला मॅग्नेशिया विरघळवून घ्यायची आणि विटा झिजायच्या. मग भट्टी थंड करा, अस्तर नव्यानं लावा. मी भट्टी चालवणाऱ्या मिस्त्रींना म्हणाले, "चाचा, स्लॅगला मॅग्नेशिया पाहिजे म्हणून ती वीट खाते. जुन्या विटांची भुकटी आपणच आत टाकली तर?"

आधी एक घमेलं टाकलं. विटा टिकल्या. मिस्त्री खूश. "बेटी, बराबर बोलली तू. वीट बिलकुल जशीच्या तशी!" मग दोन घमेली झाली, पुढं तीन. मी अडवलं नाही. कौतुक ऐकायला गोड लागत होतं. शिवाय माझी तपासणी सांगत होती की स्लॅगमधून तांबं वाया जात नाही.

कारखान्यामागं थंड झालेल्या स्लॅगचा ढीग असे. राजूरकडची एक पन्नाशीची मावशी ती हातोडीनं फोडून आत अडकलेले तांब्याचे मणी वेचायची. तिची मजुरी वेचलेल्या तांब्याच्या वजनावर. एका दुपारी ती माझ्या लॅबच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, तुमी काही नवं करून राह्यले का भट्टीत?"

"का हो?"

"पहिले दिवसभर फोडून मूठभर निघायचं. आता टोपलं भरून राह्यलं. हे बराबर न्हाई."

"असं कसं? मी रोज तपासते," मी म्हणाले.

"तुमी कुठला तुकडा तपासता?"

पहिल्या धारेतला. स्लॅग वाहायला लागली की त्यात सळई बुडवून मी नमुना घेत होते. मावशीनं शेवटच्या धारेतलं एक ढेकूळ आणलं, माझ्यासमोर फोडलं. आत हरभऱ्याएवढे तांब्याचे मणी होते.

मॅग्नेशिया बेताचा असला तर स्लॅगचं बिघडत नाही. फार झाला की स्लॅग वितळायला जास्त उष्णता मागते. आमच्या भट्टीत तेवढी नव्हती. त्यामुळे शेवटची, निवत आलेली स्लॅग बारीक खड्यांनी घट्ट व्हायची, पिठल्यासारखी, आणि तांब्याचे थेंब खाली बसण्याआधीच तिच्यात अडकायचे. पुस्तकात हे होतं. मी वीट वाचवण्याचं पान वाचलं होतं, त्याच्या पुढचं नाही.

त्याच संध्याकाळी कारखान्याच्या मालकांना, शेठना, सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही. ते चिडले, मी ऐकून घेतलं आणि आठ दिवस मागून घेतले. रोज भुकटी थोडी कमी करायची आणि पहिल्या, मधल्या, शेवटच्या अशा तिन्ही धारांतले तुकडे मावशीकडून फोडून घ्यायचे, असं चाललं. दीड घमेल्यावर जमलं. विटा थोड्या झिजत होत्या, पण तांबं खाली बसत होतं.

मावशीचं टोपलं पुन्हा रिकामं राहू लागलं. मी विचारलं, "तुम्ही गप्प बसला असता तर तुमचीच कमाई वाढली असती ना?"

"मंग? भट्टी बंद पडली असती तर कुठं गेले असते मी?" ती म्हणाली. "आन् हात बघा माझे."

तळवे चिरलेले होते. मी पुन्हा शेठकडे गेले आणि म्हणाले, नमुने बघायला मला ही बाई पाहिजे, महिन्याच्या पगारावर. शेठ म्हणाले, तिला लिहिता येत नाही. "लिहायला मी आहे," मी म्हणाले. "बघायला ती पाहिजे."

सोमवारी मावशी लॅबमध्ये आली. खुर्चीवर बसेना. दाराशी पोतं अंथरलं, पहिलं ढेकूळ फोडलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि दारातूनच मिस्त्रींना हाक मारली, "चाचा, आज आग कमी पडली तुमची!"

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. मी वहीत तेच लिहून घेतलं.