‘फुटल्या’चं बटण

दुकानदारांना सोपी सॉफ्टवेअर करून देणं हा माझा धंदा. सोपी म्हणजे किती सोपी, याचा मला फार गर्व होता. “माझं सॉफ्टवेअर शिकवावं लागत नाही,” असं मी कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर कितीतरी जणांना ऐकवलं आहे. ऐकणारे बिचारे चहा संपेपर्यंत ऐकून घेत. तो गर्व पेठ वडगावच्या एका बांगड्यांच्या दुकानात उतरला.

दुकान मुलाचं, पण गादीवर त्याची आई. सत्तरीच्या पुढची, उभा जन्म बायकांच्या हातात बांगड्या भरण्यात गेलेला. मुलगा माल आणायला गावोगाव फिरायचा. दुकानात कुठली बांगडी किती शिल्लक आहे, ते त्याला मोबाईलवर दिसायला हवं होतं. आईला अक्षर लावून लावून वाचता यायचं, म्हणून मी टॅबवर तीनच बटणं ठेवली: आल्या, विकल्या, फुटल्या. अक्षरं बोराएवढी. वर कळस म्हणजे बटण दाबलं की टॅब बोलायचा, “चार बांगड्या फुटल्या.” तो आवाज खणखणीत यावा म्हणून मी आठवडाभर खपलो होतो.

महिन्याभरात मुलाचा फोन आला. “पावणं, माल जुळंना झालाय. फुटलेलं आई टाकतच न्हाय.”

बांगड्या भरताना काही पिचणारच. पण ‘फुटल्या’समोर शून्य होतं. मी गेलो, शिकवून आलो. परत शून्य. पुन्हा गेलो, पुन्हा शिकवलं. म्हातारी शांतपणे मान डोलवायची, मी बघत असताना ‘विकल्या’ झटक्यात दाबून दाखवायची, आणि माझी पाठ वळली की पुन्हा शून्य. मला तर तिचा रागच यायला लागला होता.

तिसऱ्या खेपेला मुलाने मला दुकानाच्या दारातच गाठलं. “आईच्या ध्यानात ऱ्हाईना झालंय आता. सोमवारपासनं बायकोला बसवतो गादीवर. लई केलं तिनं, आता घरात बसू दे.” माल किती कमी भरला त्याची यादी त्याने माझ्या हातात दिली आणि तो टेम्पोतली खोकी उतरवायला गेला. मला वाईट वाटलं. पण खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं. दोष माझ्या सॉफ्टवेअरचा नव्हता ना!

आत एका नवरीला चुडा भरणं चाललं होतं. मी कोपऱ्यात टेकलो. भरता भरता एक हिरवी बांगडी कट्‌कन पिचली. म्हातारीचा चेहरा हललासुद्धा नाही. “वाढली गं बाय, वाढली,” असं म्हणत तिने डाव्या हाताने गादीजवळच्या फळीवर खडूने एक रेघ ओढली. टॅब तिच्या गुडघ्याला लागूनच होता.

नवरी आणि तिच्यासोबतच्या बायका गेल्यावर मी वाकून बघितलं. फळीभर रेघा होत्या. हिरव्यांच्या वेगळ्या, लाल वेगळ्या, सोनेरी वेगळ्या. मुलाच्या यादीशी ताडून पाहिल्या. आत्ताची ती एक सोडली तर एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

“मावशी, रेघ ओढताय, मग बटण का दाबत नाही?”

“दाबू कसं?” ती म्हणाली. “नवरी म्होरं बसलेली, तिचा हात माझ्या हातात. आणि तुमचं डबडं बोंबलणार, बांगड्या फुटल्या, बांगड्या फुटल्या! माझा मालक गेला तवाबी कुणी ह्यो शब्द माझ्याम्होरं काढला न्हाय.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी आईसुद्धा ‘बांगडी फुटली’ असं चुकून म्हणत नाही, ‘वाढली’च म्हणते. मला हे माहीत नव्हतं असं कुठल्या तोंडाने सांगणार? तिथेच बसून मी शब्द बदलला. आता ‘वाढल्या’ दाबलं की आकडा कमी होतो. कुणा इंजिनिअरला दाखवलं तर तो मला वेड्यात काढील, पण वडगावात कुणाला त्यात विचित्र वाटलेलं नाही.

मुलगा हात पुसत आत आला. मी त्याला फळी दाखवली, यादी दाखवली. तो कितीतरी वेळ रेघा मोजत राहिला.

“आई, सांगायचं न्हाईस व्हय?”

“तू इच्यारलंस कवा? इसरली म्हणालास नि मोकळा झालास. ह्ये पावणं तर दोनदा येऊन मला दाबायलाच शिकवून गेलं. का दाबत न्हाय, ते आज इच्यारलं त्यांनी.” दोऱ्यात बांगड्या ओवताना तिचा हात जरासा थांबला. “आणि सोमवारचं मी ऐकलंय. कान शाबूत हायती माझं.”

मुलाने मान खाली घातली. मीही.

“सोमवारी तूच बस, आई,” तो शेवटी म्हणाला.

“बसतोच की,” ती म्हणाली. “उठतो म्हणून मी कवा म्हणालो?”