डावी गोगलगाय आणि पालकाच्या जुड्या

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला प्रोजेक्टसाठी गोड्या पाण्यातली गोगलगाय मिळाली. हुशार मुलांना फुलपाखरं दिली होती. जाती ओळखायच्या आणि जिल्ह्यात त्या जिथे आढळतात, तिथे नकाशावर ठिपके द्यायचे, एवढंच काम. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सर सांगतील ते शास्त्र, असं मी धरून चालत असे.

सरांनी जुन्या मुलांचा नकाशा दाखवला. ओझरला ठिपका, येवल्याला ठिपका. बराच वेळ पाहिल्यावर लक्षात आलं, की जिथे एस.टी. थांबते तिथेच गोगलगाय राहते. आमच्या गावाला एस.टी. नव्हती, त्यामुळे तिथे ठिपकाही नव्हता. मी मनात म्हटलं, गोगलगायीलाही सोय लागत असेल.

माझ्या वाट्याला पंचवटी आली, कॉलेजातून चालत जाता येतं म्हणून. आमच्याकडे नदीला गंगाच म्हणतात; त्या गंगेवर भाजीबाजाराच्या कडेला, पायरीवरच्या शेवाळात नऊ गोगलगायी सापडल्या. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरायचं. तोंड उजवीकडे आलं तर उजवी, डावीकडे आलं तर डावी. माझ्या सगळ्या डाव्या निघाल्या. सरांच्या यादीत डावी नव्हतीच. त्यांनी भिंगातून पाहिलं, बरणीवर 'नवी नोंद, पंचवटी' अशी चिठ्ठी लावली आणि मला पहिल्यांदाच 'अहो' म्हणाले.

बरणी मी कौतुकाने घरी नेली. आई शेताकडेच्या पाटात पालकाच्या जुड्या धूत होती. रोज सकाळच्या टेम्पोने ती त्या पंचवटीला विकायला नेई. तिने बरणी उजेडात धरली.

"ह्या तर आपल्याच हायेत," ती म्हणाली. "जुड्यांना चिकटून येतात. बाजारात पाणी मारलं की गळून पडतात. घरी लय असताना तिकडं कशाला गेला?"

मी पाटात हात घातला. मूठभर निघाल्या, सगळ्या डाव्या.

आता खरं सांगावं, तर पंचवटीची नवी नोंद जाणार आणि प्रोजेक्टबरोबर कदाचित पदवीही. न सांगावं, तर माझ्या हाताने पहिलंच शास्त्र खोटं लिहिलं जाणार. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले तेव्हा मी अडखळत सगळं सांगून टाकलं, जुड्यांसकट.

परीक्षकांनी गावाला कुठली बस जाते ते विचारलं. बस नाही, टेम्पो आहे, असं मी म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मग पडताळायला जाणार कोण?"

सरांनी लगेच बाजू सावरली. "चालत आली काय नि टेम्पोने आली काय, सापडली पंचवटीतच ना?"

ठिपका पंचवटीत पडला. मी पास झालो. खरेपणाबद्दल परीक्षकांनी मला शाबासकी दिली, आणि विषय सोडून बोलल्याबद्दल दोन गुण कापले.

पुढल्या वर्षी नवी मुलं बरण्या घेऊन गंगेवर आली. आईला त्यांची दया आली. उन्हातान्हात आलेली पोरं हात हलवत परत जायला नकोत, म्हणून ती घरी जुड्या जरा कमीच धुऊ लागली.

त्या मुलांचा अहवाल मी नंतर कॉलेजात वाचला. डावी गोगलगाय पंचवटीत विपुल आढळते. एकादशीला मात्र आढळत नाही, कारण अज्ञात, असं त्यात होतं.

एकादशीला आई बाजारात जात नाही. पण मला कुणी विचारलं नाही.