हिरव्या रंगाखालचा पट्टा

उत्तरेश्वर वारल्याचे कळले, तेव्हा एकजण मला म्हणाले, "तुमची चांगली ओळख होती ना?" मी मान डोलावली. खरे तर तो मूळचा लातूरकडचा, धायरीत राहायचा आणि सॉफ्टवेअर कंपनीत होता, यापलीकडे मला काही माहीत नाही. त्याला मुले किती, हेही नाही.

मी चित्रकलेचा शिक्षक. १९७८च्या उन्हाळ्यात धायरीतल्या एका देवीच्या देवळातली भिंतीवरची चित्रे मी ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतली होती. पुढे विश्वस्तांनी खालच्या पट्ट्यावर हिरवा ऑइलपेंट मारला. त्याखाली देवीची मिरवणूक होती. ती आता फक्त माझ्याकडे राहिली. शाळेत दोनदा प्रदर्शन भरवले. मुले रांगेने आली, रांगेने गेली.

२००३ साली उत्तरेश्वरने त्याच भिंतींचे फोटो काढून संगणकावर जोडले. देवळाशेजारच्या सभागृहात तीन बाजूंना पांढरे पडदे, तीन प्रोजेक्टर, मागे संबळाचा आवाज. मध्ये उभे राहिले की चित्रे भोवती फिरायची. लोक दारातच चपला काढू लागले. देवळाची झाडलोट करणाऱ्या वेणूबाईंनी तर पडद्यावरच देवीच्या पायांना कुंकू लावले. चित्र सरकले आणि कुंकू राक्षसाच्या गालावर आले.

"अगं बया! देवी कुठं गेली रं?"

"थांबा मावशी, फिरून येतीय," उत्तरेश्वर म्हणाला.

सगळे हसले. मला हसू आले नाही. माझ्या कागदांपुढे कुणी कधी हात जोडले नव्हते.

ट्रेसिंगचे कळल्यावर तो माझ्या घरी आला. "सर, खालचा पट्टा तेवढा द्या की. तुमचं नाव टाकतो."

"वाळवीने खाल्ला," मी म्हणालो. तो बसला होता त्याच खाटेखाली ट्रेसिंगची नळी होती.

त्याने पट्टा कोराच ठेवला. तिथे त्याचा आवाज यायचा, 'हे चित्र एका शिक्षकांनी जपलं होतं. आता ते उरलेलं नाही.' पट्टा अजून कोराच आहे ना, हे बघायला मी तीनदा गेलो.

चौथ्यांदा नळी घेऊन निघालो, ती त्याला द्यायलाच. स्वारगेटला तोच समोर आला. मी नळी पुढे करणार, तेवढ्यात एक बाई त्याच्या पाया पडल्या. "देवी दाखवणारे तुम्हीच ना?" मी नळी काखेत दाबली. पुढच्याच आठवड्यात कंपनीने त्याला बंगळूरला पाठवले. पुन्हा भेट झाली नाही.

त्या दिवशी स्वारगेटला, बाई गेल्यावर त्याने विचारले होते, "काखेत काय सर?"

"कॅलेंडर."

"गर्दी आहे, चेपंल. धायरीला निघालात का?"

"नाही. इकडेच जरा."

"बरं, येतो सर. बस लागली."

"या."